प्रौढ वयातील ऑटिझम : डॉक्टरांना विचारायचे ते काय

ऑटिझम, म्हणजे मराठीत स्वमग्नता, ही मेंदूच्या जडणघडणीतच असलेली स्थिती आहे. ती चाळिशीत जडत नाही. चाळिशीत फक्त ओळखली जाते. म्हणून प्रौढाचे निदान करताना डॉक्टरांना आजच्या वागण्याचा धागा बालपणापर्यंत मागे न्यावा लागतो आणि तो तिथे खरोखर पोचतो का, हे पाहावे लागते. रक्ताच्या तपासणीत, एमआरआयमध्ये किंवा मेंदूच्या आलेखात ऑटिझम दिसत नाही. डॉक्टर ऐकतात, विचारतात, समोरच्याचे वागणे पाहतात आणि त्यावरून मत बनवतात. सांगणाऱ्याने काय सांगितले आणि कसे सांगितले, यावर इतके अवलंबून असणारी निदाने वैद्यकात थोडीच आहेत.

निदानासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे माणसांशी होणाऱ्या देवाणघेवाणीतली मूलभूत अडचण : न बोललेले न कळणे, आपली बोलायची पाळी कधी ते न उमगणे, चेहरा आणि शब्द यांची सांगड न लागणे, मैत्री जमली तरी ती टिकवायची कशी हे न समजणे. दुसरी म्हणजे ठरावीकपणा. त्यात एकाच विषयाचा ध्यास, रोजच्या क्रमात बदल झाल्यास होणारी तगमग, हाताच्या किंवा शरीराच्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली येतात. आवाज, उजेड, स्पर्श, वास यांचा नको तितका त्रास किंवा उलट त्यांची जाणीवच कमी असणे, हेही येते. एखाददुसरे लक्षण कुणातही सापडेल. दोन्ही बाजू एकत्र असणे, त्या लहानपणापासून असणे आणि त्यांमुळे जगण्यात खरी अडचण येणे, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तरच निदान होते. बुद्धीचा यात संबंध नसतो. काही ऑटिस्टिक व्यक्तींना बौद्धिक अक्षमता असते, अनेकांना नसते.

मराठीत अशा माणसांसाठी शब्दांची टंचाई कधीच नव्हती. घुम्या, एककल्ली, तऱ्हेवाईक, विक्षिप्त, माणूसघाणा, आपल्याच तंद्रीतला; बाई असेल तर मुखदुर्बळ किंवा आतल्या गाठीची. असे म्हटले जाणारे बहुतेक लोक ऑटिस्टिक नसतात, हे खरेच. पण जे असतात त्यांच्यावरही लहानपणी यातलाच एखादा शब्द बसलेला असतो, आणि स्वभावाला नाव मिळाले की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. दुसऱ्या टोकाला ‘मतिमंद’ आणि ‘वेडा’ हे दोन शब्द. शिकलेला, कमावता, लग्न झालेला माणूस या दोन्हींत बसत नाही, त्यामुळे त्याला डॉक्टरकडे न्यावे असेही कुणाच्या मनात येत नाही.

उदाहरणादाखल मंचर घेऊ. हे पुणे–नाशिक रस्त्यावरचे, पुण्यापासून साधारण साठ किलोमीटरवरचे बाजारपेठेचे गाव. आंबेगाव तालुक्याचे ठिकाण घोडेगाव असले तरी तालुक्याचा व्यवहार मंचरला होतो, आणि त्यातही कांद्याचा मोठा. अशा गावात ऑटिझम लपून राहायला पुष्कळ आडोसा आहे. पहाटे दूध डेअरीत फॅट लावायची, मग ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायचे, दुपारी बराखीतला कांदा निवडायचा : हा क्रम वर्षानुवर्षे बदलत नाही, आणि न बदलणे हेच ज्याला मानवते त्याच्यासाठी तो आधारच असतो. भावकी मोठी असते, त्यामुळे मित्र आहेत का असे कुणी विचारत नाही; चुलतभाऊ असतातच. व्यवहाराचे बोलणे वडील करतात, नात्यागोत्याचे आई सांभाळते. माणूस अबोल आहे, पण कामाला वाघ आहे, एवढ्यावर घर समाधानी असते.

ऑटिझमच्या इतिहासातला पहिला रुग्णही असाच एका छोट्या गावात राहिला. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात पहिला क्रमांक डोनाल्ड ट्रिपलेट या मुलाचा होता. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या गावी तो वाढला, घरच्यांची भागीदारी असलेल्या बँकेत त्याने नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने जगभर प्रवास केला आणि २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. गाव त्याला ओळखून होते आणि त्याच्या तऱ्हा सांभाळून घेत होते. घरच्यांचा पैसा पाठीशी होता ही गोष्ट यात दुर्लक्षिण्यासारखी नाही. तरीही ओळखीच्या माणसांत आणि ठरलेल्या चाकोरीत राहणे किती उपकारक ठरते, हे या एका आयुष्यातून दिसते.

मात्र हा आडोसा कायमचा नसतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानसंहितेत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, ही गोष्ट नेमकी धरली आहे. लक्षणे लहानपणापासून असावी लागतात, पण माणसाकडून होणाऱ्या सामाजिक अपेक्षा त्याच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती पुरती उघड होतीलच असे नाही, आणि शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकलीही जातात, असे ती सांगते. आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात हा क्षण ठरावीक वळणांवर येतो. अवसरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात उत्तम गुण मिळवलेला मुलगा चाकणच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या कंपनीत लागतो. काम जमते, पण मिटिंगा, एकत्र जेवण आणि साहेबाच्या बोलण्यातला सूर जमत नाही. लग्न होते आणि नवऱ्याला काही वाटतच नाही, असे बायकोला वाटू लागते. वडील जातात, वाटण्या होतात, आणि इतके दिवस दुसरे कुणी करत होते ते बोलणे अंगावर येते. चौथे वळण अलीकडे बरेच दिसते. मुलाला ऑटिझम असल्याचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, लक्षणे समजावतात, आणि ऐकता ऐकता बापाला किंवा आईला स्वतःचेच बालपण आठवते. ऑटिझममध्ये अनुवंशाचा वाटा मोठा असल्याने या आठवणीत तथ्य असू शकते.

आज तिशी-चाळिशीत असलेल्यांचे निदान बालपणी का झाले नाही, याचे उत्तर तारखांतच आहे. अमेरिकन संहितेत ऑटिझमला स्वतंत्र जागा १९८० मध्ये मिळाली. बोलणाऱ्या, हुशार ऑटिस्टिक व्यक्तींकडे इंग्रजी वैद्यकाचे लक्ष वेधले ते १९८१ मध्ये, लोर्ना विंग यांनी हान्स अॅस्पर्गर यांचे १९४४ चे जर्मन काम पुढे आणले तेव्हा. अॅस्पर्गर सिंड्रोम हे निदान संहितेत आले १९९४ मध्ये, आणि २०१३ मध्ये ते ऑटिझम स्पेक्ट्रम या एकाच नावात विलीन झाले. भारतातल्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या एकवीस दिव्यांगता मानल्या त्यांत ते आहे. म्हणजे १९८५ साली जन्मलेला मुलगा शाळेत होता तेव्हा त्याच्या शिक्षकांपुढे किंवा गावच्या डॉक्टरांपुढे हा शब्दच नव्हता. इंग्लंडमध्येही चित्र फार वेगळे नव्हते. तिथे २००७ मध्ये घरोघरी जाऊन केलेल्या सर्वेक्षणात सुमारे एक टक्का प्रौढ ऑटिझमच्या निकषांत बसले. भारतात पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार साधारण आठांपैकी एका मुलात मेंदूच्या वाढीशी संबंधित किमान एक अडचण होती; ऑटिझम ही त्यांतली एक. ही मुले मोठी होणारच आहेत.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट केलेली बरी : निदान कशासाठी हवे आहे? स्वतःला समजून घ्यायचे आहे, नैराश्यावरचे औषध का लागू पडत नाही ते पाहायचे आहे, नोकरीत सवलत मागायची आहे, की दिव्यांगत्वाचा दाखला काढायचा आहे? यावर कुठे जायचे ते ठरते. मंचरच्या माणसाला पहिले दार नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांचे किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाचे. तिथे निदान होईलच असे नाही. तिथून मानसोपचारतज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी मिळाली तरी काम झाले. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. पुण्याचे ससून रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाचे असल्याने तिथले नियम वेगळे. पुण्यात सरकारी व्यवस्थेत ससूनचा मानसोपचार विभाग, औंधचे जिल्हा रुग्णालय आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय ही ठिकाणे आहेत. ‘येरवड्याला न्या’ हा मराठीतला जुना टोमणा असल्याने शेवटच्या नावाने घरात खळबळ उडते. पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग असतो, माणूस तपासून घेतो आणि संध्याकाळी घरी येतो. खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे तर भेटीची वेळ घेतानाच प्रौढांच्या ऑटिझमचे निदान करता का, असे विचारावे. ऑटिझमची बहुतेक केंद्रे मुलांसाठी असतात आणि फोनवर ‘मुलाचे वय काय?’ असेच विचारले जाते. ‘वय अडतीस, मुलाचे नव्हे, माझे’ हे सांगायला संकोच वाटतो, पण त्याने एक फेरी वाचते.

निदान करण्याचा अधिकार आणि तयारी दोघांची असते : मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेला डॉक्टर, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. समुपदेशकाची मदत जरूर होते, पण निदानाचा कागद त्याच्याकडून घेऊ नये. मोबाइलवरच्या रील्स हे आजकाल अनेकांचे पहिले शिक्षक. त्यांतून शंका येणे गैर नाही, फक्त शंका हे निदान नव्हे.

खरी तयारी घरी करायची असते. ओपीडीतल्या पाच-दहा मिनिटांत, तेही अनोळखी माणसासमोर, सगळे आयुष्य सांगणे कुणालाच जमत नाही, आणि ज्याची अडचणच बोलण्याची आहे त्याला तर नाहीच. म्हणून लिहून न्यावे. दोन पाने पुरेत. वीस पानांची वही कुणी वाचत नाही. लिहिताना विशेषणे टाळून प्रसंग लिहावेत. ‘मला लोकांत मिसळता येत नाही’ या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही, कारण लाजाळू माणूसही तेच म्हणतो. ‘लग्नात पंगतीला बसलो आणि शेजारचा बोलायला लागला की काय उत्तर द्यायचे ते सुचायला वेळ लागतो, म्हणून मी वाढप्याचे काम मागून घेतो’ हे वाक्य पुष्कळ सांगते. अडचण कोणती, ती कुठे येते आणि माणसाने तिच्यावर कोणती युक्ती काढली आहे, हे तिन्ही त्यात आले. ‘आवाज सहन होत नाही’ यापेक्षा ‘मिक्सर लागला की अंगणात जाऊन उभे राहावे लागते, वरातीत डीजे आला की रडू फुटते, वय चौतीस’ हे बरे. बैलगाडा घाटातला भोंगा, नव्या शर्टाच्या कॉलरची शिवण, मासवडीच्या रश्श्याचा वास, पाहुणे न कळवता आल्यावर होणारी घालमेल, ठरलेली एसटी चुकली की वाया जाणारा आख्खा दिवस : तपशील जितका घरचा, तितका डॉक्टरांच्या उपयोगाचा. आवडीच्या विषयाबद्दलही लिहावे. ट्रॅक्टरची सगळी मॉडेले वर्षांसकट पाठ असणे किंवा बाजारभावाच्या दहा वर्षांच्या वह्या ठेवणे हा छंदही असू शकतो. तो मोडला, कुणी त्यात व्यत्यय आणला, तर काय होते, तेही लिहिले की फरक कळतो.

दुसरे पान बालपणाचे, आणि ते आईला विचारून लिहायचे. आई नसेल किंवा सांगण्याजोगी नसेल तर मोठी बहीण, आत्या, मावशी, जुने शिक्षक. ‘मी लहानपणी नॉर्मल होतो का?’ असे विचारले की आई ‘अगदी चांगला होतास’ म्हणणार, यात शंका नाही. त्याऐवजी प्रसंगांच्या खुंट्या द्याव्यात. जावळ काढताना काय झाले? कान टोचल्यावर किती दिवस कुणाला हात लावू दिला नाही? भातुकलीत खोटा-खोटा चहा प्यायचा का, की भांडी नुसती ओळीने मांडायचा? चांदोबा किंवा बैल दिसला की बोट करून दाखवायचा का, आणि दाखवताना वळून आईकडे पाहायचा का? हाक मारली की बघायचा का, की बहिरा आहे असे वाटायचे? बोलायला कधी लागला? शेवटच्या प्रश्नाला महिने आठवत नाहीत, पण ‘धाकटीच्या बारशाला बोलत नव्हता’ हे आठवते, आणि त्यावरून वय काढता येते. शाळेची प्रगतिपुस्तके माळ्यावर असतील तर शेरे पाहावेत. ‘हुशार, पण वर्गात लक्ष नसते’ किंवा ‘इतर मुलांत मिसळत नाही’ असा एका ओळीचा शेरा तीस वर्षांनी पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

हे विचारताना आईच्या मनात वेगळेच वादळ उठू शकते : माझे काही चुकले का? या प्रश्नाला इतिहास आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, असे मोठमोठे तज्ज्ञ सांगत असत. ब्रूनो बेटलहाइम हे त्यांतले गाजलेले नाव. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जे स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते, १९६४ मध्ये हा समज खोडून काढायला सुरुवात केली, आणि पुढच्या संशोधनाने तो पुरता निकालात काढला. आईला प्रश्न विचारण्याआधीच एवढे सांगून टाकले तर ती मोकळेपणाने बोलते.

प्रत्यक्ष भेटीत सुरुवात साधी ठेवावी. ‘डॉक्टर, या अडचणी लहानपणापासून आहेत. हे ऑटिझममध्ये बसते का की दुसरे काही आहे, ते तपासून हवे आहे. लिहून आणले आहे.’ यात निदानाचा आग्रह नाही आणि शंकाही लपवलेली नाही. मग विचारायचे ते असे : तुम्ही स्वतः तपासणार की चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे पाठवणार? किती भेटी लागतील, खर्च किती? घरच्या कुणाला आणायचे का? शेवटी लेखी अहवाल मिळेल का, आणि त्यात निकाल नाही म्हणून आला तरी कारणे असतील का? लेखी अहवालाचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि नंतर त्याच्यासाठी पुन्हा पुण्याची फेरी पडते.

काही डॉक्टर प्रश्न पहिल्याच मिनिटाला निकालात काढतात. लग्न झाले आहे, नोकरी आहे, डोळ्यांत डोळे घालून बोलता, मग कसला ऑटिझम? यातले एकही कारण निदान नाकारायला पुरेसे नाही. डोळ्यांत पाहण्याचा मुद्दा तर आपल्याकडे दोन्ही बाजूंनी फसवा आहे. वडीलधाऱ्यांशी नजर खाली ठेवून बोलावे हे संस्कार झालेल्या घरात न पाहणे हे लक्षण धरता येत नाही. आणि ‘साहेबांशी बोलताना भुवयांच्या मध्ये पाहायचे’ हे ठरवून शिकलेल्या माणसाचे पाहणे हा विरुद्ध पुरावाही होत नाही. अशा वेळी वाद न घालता ‘लहानपणाची माहिती एकदा वाचता का?’ एवढे म्हणावे, आणि तेही झाले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

डॉक्टरही बरेच विचारतील : झोप, भूक, दारू, फिट येणे, डोक्याला मार, ऐकू कमी येणे, थायरॉइड, घरात कुणाला मनोविकार. हे प्रश्न म्हणजे ऑटिझमचा विषय टाळण्याचे निमित्त नव्हे. ऑटिझमसारखी दिसणारी आणि ऑटिझमबरोबर नांदणारी दुखणी बरीच आहेत : सामाजिक भीती, मंत्रचळ, नैराश्य, एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता, काही व्यक्तिमत्त्व विकार, स्किझोफ्रेनिया. एडीएचडी आणि ऑटिझम ही दोन्ही निदाने एकाच माणसाला देण्यास अमेरिकन संहितेने २०१३ मध्येच वाट मोकळी केली. त्याआधी एक दिले की दुसरे देता येत नसे. प्रश्न शब्दशः घेण्याच्या सवयीने इथे गफलत होते. ‘आवाज ऐकू येतात का?’ असे विचारले की ऑटिस्टिक माणूस पंख्याचा, रस्त्यावरच्या टेम्पोचा, बाहेरच्या कंपाउंडरचा आवाज मोजून ‘हो, खूप’ म्हणतो, आणि डॉक्टरांना अभिप्रेत असतात ते भासाचे आवाज. ‘लोक तुमच्याबद्दल बोलतात असे वाटते का?’ याला मंचरसारख्या गावात प्रामाणिक उत्तर हो असेच येणार, लोक बोलतातच. म्हणून प्रश्न कळला नाही तर ‘म्हणजे कसे, उदाहरण द्या’ असे विचारणे हा तपासणीचाच भाग मानावा.

प्रश्नावल्या अनेक आहेत. सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केलेली पन्नास प्रश्नांची एक्यू ही सर्वांत प्रसिद्ध, त्याशिवाय ऐंशी प्रश्नांची आरएएडीएस-आर. यांचे गुण चाळणीसाठी असतात, निकालासाठी नव्हे. शिवाय त्यांचा जन्म परदेशात झालेला. पार्टी, नाटक, संग्रहालय यांतले काय आवडते हे विचारणारा प्रश्न बाजार समितीतल्या माणसाला काय सांगणार? त्याच्यासाठी पार्टीच्या जागी वऱ्हाड, दशक्रिया किंवा सप्ताहातला काला ठेवून विचारावे लागते, आणि चांगला मानसशास्त्रज्ञ तसे विचारतो. एडीओएस-२ या प्रमाणित निरीक्षण पद्धतीत प्रौढांसाठी वेगळा भाग आहे, पण ती चालवायला प्रशिक्षण लागते आणि ती झाल्याशिवाय निदान होतच नाही असे नाही.

बायकांच्या बाबतीत हे सारे आणखी अवघड होते. पाहणाऱ्यांनी मुलीच्या गप्प बसण्याला गुण मानलेले असते. सासरी कधी हसायचे, पदर कधी सावरायचा, कुणाच्या किती पाया पडायचे हे तिने जावेचे पाहून पाठ केलेले असते आणि ती ते बिनचूक करते. फक्त पाहुणे गेले की दार लावून तासभर अंधारात पडून राहावे लागते. या पाठ करण्याला मुखवटा म्हणतात. तो किती वेळ घालावा लागतो आणि काढल्यावर काय होते, हे सांगितल्याशिवाय डॉक्टरांना दिसत नाही. थकवा, चिंता, मायग्रेन यांसाठी वर्षानुवर्षे औषधे घेतलेल्या अनेक जणींच्या बाबतीत हा प्रश्न कधी विचारलाच गेलेला नसतो.

एक गोष्ट मात्र रांगेत मागे ठेवता येत नाही. केंब्रिजच्या एका दवाखान्यात अॅस्पर्गरचे निदान नव्याने झालेल्या ३७४ प्रौढांना विचारले असता ६६ टक्क्यांनी आयुष्यात कधी ना कधी आत्महत्येचे विचार आल्याचे सांगितले होते. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. असे विचार येत असतील तर ऑटिझमच्या तपासणीची वाट न पाहता ते पहिल्याच भेटीत पहिल्यांदा सांगावे. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, बोलते.

निदानाचा अहवाल आणि दिव्यांगत्वाचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखल्यासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, मग नेमून दिलेल्या रुग्णालयातले वैद्यकीय मंडळ तपासते. ऑटिझमचे प्रमाण मोजायला इसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चाळीस बाबी असतात, प्रत्येकीला एक ते पाच गुण, म्हणजे किमान चाळीस आणि कमाल दोनशे. सत्तरच्या खाली ऑटिझम धरत नाहीत. ही पट्टी सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेविषयीच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केली, आणि ठळक दिसणाऱ्या लक्षणांवर तिचा भर आहे. त्यामुळे मुखवटा घालून निभावणाऱ्या प्रौढाचे गुण कमी भरू शकतात. डॉक्टरांनी निदान दिले आणि मंडळाने दाखला नाकारला, तर कुणीतरी एक खोटे आहे असा अर्थ होत नाही. दोघांनी मोजलेल्या गोष्टी वेगळ्या असतात. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाण भरले तर सरकारी नोकरीतल्या चार टक्के दिव्यांग आरक्षणात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या गटासाठी राखलेल्या एक टक्क्याचा विचार होतो, उच्च शिक्षणात पाच टक्के जागा असतात, आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळू शकतो. दाखला काढायचाच अशी सक्ती कुणावर नाही.

गावात बभ्रा होईल, मुलीचे लग्न जमणार नाही, या भीतीने कित्येक जण पायरी चढत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा हक्क मानला आहे. मंचरचा माणूस पुण्याला दाखवायला जातो त्याला सोयीइतकेच ओळखी टाळणे हेही कारण असते, आणि ते समजण्यासारखे आहे. लग्नाच्या कायद्याबद्दलही गैरसमज आहे. हिंदू विवाह कायदा विवाहासाठी अयोग्य ठरवणाऱ्या मानसिक विकाराच्या स्वरूपाकडे आणि तीव्रतेकडे पाहतो. कागदावर एखादे नाव आले म्हणून लग्न आपोआप मोडत नाही. जोडीदाराला आधी सांगावे की नाही हा प्रश्न वेगळा, आणि सांगितलेले बरे असेच अनुभवी डॉक्टर म्हणतील.

निदान झाले की औषध मिळेल ही अपेक्षा मात्र सोडावी लागते. ऑटिझम जाण्याचे औषध नाही. सोबतच्या नैराश्यावर, चिंतेवर, झोपेवर आहे. स्टेम सेलचे इंजेक्शन देऊन ऑटिझम बरा करण्याच्या जाहिराती महाराष्ट्रातही दिसतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी हा उपचार अमान्य करून तो देणे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. उपयोग होतो तो साध्या बदलांचा. कामाच्या सूचना तोंडी न देता व्हॉट्सअॅपवर लेखी द्यायच्या, कारखान्यात कानाला इअरमफ लावायचे, पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगायचे, लग्नात मागच्या दाराने अर्ध्या तासासाठी उठून जायची मुभा घरानेच द्यायची. दिव्यांग हक्क कायद्याने नोकरीत अशा वाजवी सोयी मागता येतात. बोलण्याच्या उपचारांत तज्ज्ञाने उपमा-अलंकार टाळून नेमके सांगितले आणि लिहूनही दिले तर ते जास्त लागू पडतात. बायको किंवा नवरा एका भेटीला बरोबर आला तर निम्मे गैरसमज तिथेच मिटतात, कारण ‘याला काही वाटत नाही’ आणि ‘याला वाटते पण दाखवता येत नाही’ यांतला फरक तिसऱ्याने सांगितलेला लवकर पटतो.

निकाल ‘ऑटिझम नाही’ असाही येतो. मग काय आहे, हा पुढचा प्रश्न त्याच भेटीत विचारावा आणि उत्तर अहवालात लिहून घ्यावे. सामाजिक भीतीवर किंवा एडीएचडीवर उपचार आहेत आणि ते ऑटिझमपेक्षा वेगळे आहेत. बालपणाची माहिती अपुरी पडल्याने निर्णय राखूनही ठेवला जातो. अशा वेळी सहा महिन्यांनी, दरम्यान सापडलेली प्रगतिपुस्तके आणि आत्याने सांगितलेल्या आठवणी घेऊन त्याच डॉक्टरांकडे पुन्हा जाता येते. घरी लिहिलेल्या दोन पानांची एक प्रत स्वतःजवळ ठेवलेली असली, तर तोवर नवे आठवेल ते त्याच पानांच्या पाठीवर टिपता येते.